सपाटीवरचे किल्ले

सासरे आमच्याकडे नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला आले ते छातीत दोन स्टेंट आणि हातात परतीचं तिकीट घेऊन. व्हिसा तीन महिन्यांचा होता, त्यामुळे ते परत जाणार की नाही हा प्रश्नच नव्हता. परत कुठे जाणार, हा होता.

बाबांना बिबवेवाडीतल्या आपल्या घरी जायचं होतं. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत होते आणि चांगले राहत होते. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आता ते पुरे. त्याने पुण्याबाहेरच्या एका ज्येष्ठांच्या संकुलात खोली बघून ठेवली होती. व्हिसा संपायच्या आत तिथे हो किंवा नाही कळवायचं होतं.

"डॉक्टर आवारातच असतो, बाबा," नवरा म्हणायचा. "जेवण वेळेवर. सोबतीला तुमच्या वयाची माणसं."

"माझ्या वयाची माणसं मला आवडत नाहीत."

"सीनियर लिव्हिंग आहे ते. तुम्ही समजता तसं नाही."

"वृद्धाश्रम म्हण की. मराठी शाळेत घातलं होतं मी तुला."

बोलण्यात बाबा कुणाला हार जायचे नाहीत. अडचण दुसरीच होती. नोकरी सांभाळून तीस वर्षं ज्यांनी दर रविवारी लोकांना सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर नेलं, ते बाबा आता खाली कचरा टाकायलाही एकटे जात नव्हते. आंघोळीला गेले की दाराला कडी लावायचे नाहीत. मी ऑफिसला निघाले की सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आज घरून नाही का काम?" पहिल्यांदा छातीत दुखलं तेव्हा ते घरात एकटे होते आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्या खोलीपर्यंत ते कसे पोहोचले हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की हृदय आता उत्तम चाललंय, रोज सपाटीवर चाला, हळूहळू वाढवा. म्हणजे एकटं राहायला शरीराची ना नव्हती. ना होती ती बाबांच्या मनाची, आणि ती ते कबूल करत नव्हते. नवऱ्याला मात्र ती स्पष्ट दिसत होती. मलाही.

मी मालवाहतुकीच्या कंपनीत काम करते. कुठला माल कुठल्या विमानाने, कुठल्या ट्रकने, कधी पोहोचणार, याचं वेळापत्रक लावायचं. घरीही माझं तसंच चालतं. फ्रिजवर याद्या असतात आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा मी बाबांच्या चालण्याचंही वेळापत्रक केलं. सोमवारी कालव्याकडेने, मंगळवारी शाळेपर्यंत, बुधवारी बाजारातून.

बाबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "सपाटीवर नुसतं चालायला माझ्याकडे कुत्रा आहे का?"

आमच्या वस्तीत विनाकारण चालणारी माणसं खरोखरच कुत्र्याच्या मागूनच चालतात.

उपाय जेवणाच्या सुट्टीत सापडला. ऑफिसातला एक डच सहकारी त्याच्या मुलांना कुठलासा रोमन किल्ला दाखवून आला होता आणि मुलं कशी वैतागली ते सांगत होता. तिथे म्हणे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मी घरी येऊन शोधलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याची उत्तरेकडची सरहद्द या देशातून जात होती, ऱ्हाईन नदीच्या जुन्या पात्राच्या काठाने. पलीकडे परका मुलुख, अलीकडच्या काठावर ओळीने किल्ले. लायडनहून उत्रेख्तला जाणारी रेल्वे आजही साधारण त्याच ओळीने जाते, एकेका किल्ल्याच्या गावाला थांबत. एकाही किल्ल्याला चढ नाही. हृदयाच्या पेशंटला याहून चांगलं काय हवं? मी नवीन यादी केली.

"बाबा, शनिवारी किल्ल्यावर जायचं का?"

"हॉलंडात डोंगर कुठला?"

"डोंगर नाही. सपाटीवरच आहे. जराही चढ नाही."

"मीसुद्धा लोकांना असंच सांगायचो," बाबा म्हणाले.

ते खरं होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मला त्यांनी एका किल्ल्यावर नेलं होतं. पहाटेपासून दुपारपर्यंत "हा काय, आलाच" एवढंच सांगत त्यांनी मला वर पोहोचवलं. त्यामुळे माझ्या "सपाट आहे"वर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गाडीत बसल्यावरही ते खिडकीतून क्षितिजाकडे बघत होते, कुठून तरी सुळका निघेल म्हणून.

सुळका निघाला नाही. लायडनच्या पूर्वेला जिथे किल्ला होता तिथे आता बाग आहे. चारी बाजूंनी गवताचे बांध, मधे मोकळं मैदान, एका टोकाला भाज्यांचे वाफे. खरे अवशेष जमिनीखाली आहेत, ते सुरक्षित राहावेत म्हणून तसेच पुरून ठेवलेले. बाबा बागेच्या कडेला उभे राहिले.

"किल्ला कुठाय?"

"हाच."

"हा?" त्यांनी बुटाने गवत दाबून पाहिलं. "दगड कुठायत?"

"इथे दगड मिळतच नाही. आधी लाकूड आणि माती होती. नंतर लांबून दगड आणून बांधला, तो लोकांनी घरांसाठी उचलून नेला."

"ते आपल्याकडेही नेतात," बाबा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा उत्साह आला. चोरटेपणा ओळखीचा निघाला म्हणून असेल.

मी बांधावरून आत जाणाऱ्या पायवाटेला लागले, तर मागून हाक आली.

"अगं, तिकडून कुठे?"

"इथून जवळ पडतं."

"तो तट आहे. तटावरून शत्रू येतो. दरवाजा बघ कुठे आहे तो."

मग मला त्यांच्या ट्रेकिंग ग्रुपचा नियम आठवला. त्यांच्यात नुसतं वर जाऊन आलं म्हणजे किल्ला झाला असं मानत नाहीत. महादरवाजातून आत जायचं, तटाच्या कडेने पूर्ण फेरी मारायची, जिथून शिरलो तिथे परत यायचं, आणि वरचं पाणी प्यायचं. चोरवाटेने गेलेल्याचा किल्ला मोजत नाहीत. या नियमापायी माणसं भांडलेली मला माहीत आहेत.

आम्ही बाहेरून वळसा घालून दरवाजाच्या जागेशी आलो. तिथल्या फलकावर किल्ल्याचा आराखडा होता, पत्त्याच्या पानासारखा लांबट, कोपरे गोल केलेला. मुख्य दरवाजा सरळ नदीकडे तोंड करून.

"शत्रू नदीपलीकडे, आणि दरवाजाही तिकडेच?" बाबांनी मान हलवली. "वळण नाही, काही नाही. आपले दरवाजे बुरुजांच्या आड असतात. समोर येईपर्यंत दिसत नाहीत. यांचं म्हणजे सरकारी कचेरीसारखं झालं."

"यांना लपायचं नव्हतं बहुतेक. दाखवायचं होतं."

"हं," बाबा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा धरून आत शिरले.

तो पट्टा त्यांनी पूर्ण फेरी होईपर्यंत सोडला नाही. पण फेरी पूर्ण केली. एक बाई कुत्रा घेऊन बांधावरून सरळ आत उतरली, तिच्याकडे त्यांनी इतक्या नापसंतीने पाहिलं की तिने विनाकारण आम्हाला सॉरी म्हटलं. पाण्याचं टाकं काही नव्हतं, म्हणून माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. परतीच्या बसमध्ये मी मनाशी हिशेब केला, तर डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा ते जास्तच चालले होते. मी ते बोलून दाखवलं नाही. वेळापत्रकाचं रहस्य म्हणजे ज्याचं वेळापत्रक आहे त्याला ते कळू द्यायचं नाही.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही निघायला लागलो. मी पोळीच्या गुंडाळ्या आणि काकडी डब्यात घ्यायचे. बाबांचा फोन, गोळ्यांची डबी, जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी, विम्याच्या कागदाची प्रत, जास्तीचा स्वेटर, हे सगळं माझ्या बॅगेत. अल्फेनला किल्ला बाजारपेठेखाली आहे, तिथे फेरी निम्मी झाली आणि पाऊस आला, म्हणून मी बाबांना गाडीत बसवून परत आणलं. बोदेख्रावनला एका दरवाजाचे अवशेष सापडले होते, तेवढ्यावर बाबा खूश. "दरवाजा सापडला म्हणजे अर्धा किल्ला झाला." वुर्डनला तटाच्या रेषा रस्त्यावर वेगळ्या फरशीने आखल्या आहेत. बाबा त्या रेषेवरून चालत बाजारात शिरले आणि एका चीजवाल्याच्या गाडीपाशी थांबले, कारण गाडी तटावर उभी होती. चीजवाल्याला वाटलं गिऱ्हाईक. त्याने नमुन्याचा तुकडा पुढे केला, बाबांनी तो खाल्ला, आणि मग आम्हाला अर्धा किलो चीज घेणं भाग पडलं.

तोवर बॅगेचा पट्टा सुटला होता. पण मी बुटाची नाडी बांधायला थांबले की तेही थांबायचे. मी दुकानात गेले की दाराशी उभे राहून आत बघत राहायचे, मी दिसते आहे ना म्हणून. चालणं वाढलं होतं, एकटं राहणं नाही.

नवऱ्यानेही ते हेरलं. "फिरतायत ते छानच आहे," तो भांडी लावताना म्हणाला. "पण अगं, तू बरोबर असतेस. बिबवेवाडीत तू नसणार."

व्हिसाचे थोडेच दिवस उरले होते.

लायडनच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, नदीकाठी एक छोटं गाव आहे. सगळं गाव किल्ल्याच्या वर वसलेलं, मधोमध चर्च. जमीन तिथे किंचित वर चढते आणि गावातले लोक त्याला टेकडी म्हणतात. बाबा म्हणाले, "आमच्याकडे याला स्पीडब्रेकर म्हणतात." नदीच्या बाजूला, दरवाजाची जागा दाखवणाऱ्या फलकापासून आम्ही सुरुवात केली. बाबांनी फोनवर फलकाचा फोटो काढला आणि सवयीने फोन माझ्याकडे दिला, मी सवयीने तो बॅगेत टाकला.

रस्त्यात विटांची पट्टी बसवलेली होती, ती म्हणजे तट. पट्टीने आम्हाला एका बुटक्या कुंपणापर्यंत नेलं आणि कुणाच्या तरी बागेत ती दिसेनाशी झाली. मी वळसा घ्यायला निघाले. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांचा हात घंटीवर गेला होता.

"बाबा, नको. इथे असं न कळवता कुणाच्या दारात जात नाहीत. सख्खा भाऊसुद्धा आधी विचारून येतो."

"आपण घरात कुठे जातोय? तटावरून जातोय."

घंटी वाजली. एक सत्तरीच्या बाई बाहेर आल्या, पांढरे आखूड केस, हातात बागकामाचे मातकट मोजे. मी माझ्या सर्वात सभ्य डचमध्ये सांगितलं की माफ करा, माझ्या सासऱ्यांना किल्ल्याला पूर्ण फेरी मारायची आहे आणि किल्ला तुमच्या बागेतून जातो. बोलताना मलाच आपण वेडे वाटत होतो. बाईंनी बाबांचे बूट पाहिले.

"तो माझ्या शेडखालून जातो," त्या म्हणाल्या. "या. पण वाफ्यात पाय टाकू नका, सलाड आत्ताच लावलंय."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. मी फाटकाशी थांबले, बाबा बाईंच्या मागून बागेत गेले.

"संकुलातून मेल आली आहे," नवरा म्हणाला. "शुक्रवारपर्यंत सांगायचं, नाहीतर खोली दुसऱ्याला देतील. मी आज हो कळवून टाकतो."

"घरी आल्यावर बोलू."

"तू नेहमी घरी आल्यावर बोलू म्हणतेस."

"अरे, शुक्रवार आहे ना अजून? मग आजच कशाला?"

"कारण मला झोप लागत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, येतोच आम्ही, आणि फोन ठेवला.

माझ्या हिशेबाने बाग संपून तटाची रेषा पुढच्या गल्लीत निघायला हवी होती. मी रस्त्याने वळसा घालून तिथे जाऊन उभी राहिले. गल्लीत कुणी नव्हतं. थोडी वाट पाहिली. परत बाईंच्या दाराशी आले.

"ते केव्हाच गेले," बाई म्हणाल्या. "शेडपाशी वाकून जमिनीला हात लावला, मग कपाळाला. आणि मागच्या फाटकाने गेले."

मागच्या फाटकाबाहेर एक चर होता आणि त्याच्या कडेने पायवाट. थोड्या अंतरावर तिला दोन फाटे फुटत होते, एक नदीकडे, एक कुरणांकडे. दोन्हीकडे कुणी दिसत नव्हतं. मी फोन काढायला बॅगेत हात घातला आणि हाताला बाबांचा फोन लागला. त्याच्या खाली गोळ्यांची डबी. त्याच्या खाली जिभेखाली ठेवायची गोळी, जी त्यांच्या खिशात असायला हवी असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. मी इतकी व्यवस्थित होते की त्या माणसाजवळ मी काहीच ठेवलं नव्हतं.

बाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. "त्यांना काही आजार आहे?"

"हृदयाचा."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. भिंतीला लावलेली सायकल घेतली. "तुम्ही नदीकडे जा, मी कुरणाकडे जाते. सायकलने माझं लवकर होईल."

मी धावले. बऱ्याच वर्षांत धावले नव्हते. नदीकाठी एक माणूस होडीला रंग देत होता, त्याला विचारलं, स्वेटर घातलेले म्हातारे गृहस्थ पाहिलेत का. त्याने ब्रशने पुढे कुठेतरी दाखवलं, पण खात्री नव्हती. मनात एकच चाललं होतं. ते कुठेतरी बसले असतील, हात खिशात घालून फोन शोधत असतील, आणि फोन पुन्हा दुसरीकडे. नवऱ्याला फोन करावा असं दोनदा वाटलं आणि दोन्हीदा मी पुढे धावत राहिले, कारण फोन केला असता तर त्याला सांगायचं काय?

नदीच्या वळणावर फलक दिसला, आम्ही सुरुवात केली होती तो. फलकाला पाठ टेकून बाबा उभे होते.

"कुठे होतीस?" ते म्हणाले. "मी कधीचा थांबलोय."

मला धाप लागली होती.

"चुकामूक झाली तर महादरवाजात येऊन थांबायचं. मी दर वेळी सगळ्यांना सांगायचो. तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं. "मला नव्हतं सांगितलं." आणि शेजारच्या बाकावर बसले. बाबाही बसले. समोर नदीतून एक बदक पिलांना घेऊन गेलं.

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली की." ते हे इतक्या सरळपणे म्हणाले की मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "त्या चरापाशी आलो, मागे बघितलं, तू नाहीस. खिशात हात घातला, फोन नाही. छातीत धडधडायला लागलं. म्हटलं, झालं आता. बसावं म्हटलं, तर सगळं ओलं. मग म्हटलं, मागे जायचं तेवढंच, पुढे जायचं तेवढंच. पुढचं निदान बघितलेलं तरी नाही."

"आणि धडधड?"

"चालता चालता राहिली. घाबरल्याची होती ती. दुसरी नव्हती." त्यांनी स्वेटरवरून छातीवर हात ठेवला. "दुसरी निराळी असते गं. मी विसरलोच होतो की ती निराळी असते. इतके दिवस जरा धडधडलं की वाटायचं, तीच आली."

बाई सायकलवरून आल्या, आम्हाला बाकावर पाहून घंटी वाजवली आणि एक पाय टेकून थांबल्या. "सापडले?"

"शी वॉज लॉस्ट," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "आय वॉज हिअर."

बाई हसल्या, मग सगळं ठीक म्हणाल्या आणि सलाडकडे परत गेल्या. मी त्यांचे पुरते आभारही मानले नाहीत. पुढच्या आठवड्यात चिवड्याचा डबा पोस्टाने पाठवला.

"माझा फोन दे," बाबा म्हणाले. "गोळ्या पण दे."

मी एकेक वस्तू काढून दिली. त्यांनी फोन डाव्या खिशात ठेवला, गोळी उजव्या, आणि खिसे वरून थोपटून पाहिले. माझी बॅग अगदी हलकी झाली.

घरी गेल्यावर हे नवऱ्याला कसं सांगायचं याची मी वाटेत जुळवाजुळव करत होते. बाबांनी बूट काढता काढताच सगळं सांगून टाकलं. नवरा त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळला.

"तू त्यांना सोडलंस?"

"मी सोडलं नाही. ते गेले."

"फोनशिवाय?"

"तिला कशाला विचारतोस?" बाबा म्हणाले. "मी समोर बसलोय. मला विचार. आणि बुधवारी मी अल्फेनला जाणार आहे, एकटा. तिथली फेरी निम्मी राहिली आहे, हिने पावसाचं निमित्त करून मला गाडीत कोंबलं होतं."

"बाबा, एकदा चुकून गेलात म्हणून..."

"म्हणून तर चुकून न जाता जायचंय."

नवऱ्याने शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्याला ते आवडलं नव्हतं. बुधवारी सकाळी मी गाड्यांच्या वेळा, फलाट आणि लायडनला गाडी कशी बदलायची ते एका कागदावर लिहून बाबांसमोर ठेवलं. त्यांनी तो घडी करून परत दिला. "मला स्टेशनांची नावं वाचता येतात. फोन घेतलाय, गोळी घेतलीय. तुझा उशीर होईल, जा."

त्या दिवशी मी काय काम केलं ते मला सांगता येणार नाही. एक माल मी चुकीच्या विमानतळाला पाठवायच्या बेतात होते. नवऱ्याचे फोन चालूच होते.

"काही कळलं?"

"नाही."

"मी फोन करू का त्यांना?"

"करू नकोस."

"मग तू कर."

"मीही करणार नाही."

दुपारी घरच्या ग्रुपवर फोटो आला. दोन बूट आणि खाली फरसबंदी. काहीही लिहिलेलं नव्हतं. डेल्फ्टला शिकणाऱ्या आमच्या मुलीने ग्रुपवर इंग्रजीत विचारलं, आजोबा जमिनीचे फोटो का काढतायत. मी फोटो मोठा करून पाहिला. बूट तटाच्या रेषेवर होते.

मग संध्याकाळ व्हायला आली तसं रेल्वेच्या ॲपवर दिसलं की अल्फेनहून लायडनकडे येणाऱ्या गाड्या बंद पडल्या आहेत. मी हे नवऱ्याला सांगितलं नाही, पण त्याच्याकडेही तेच ॲप होतं. मी ऑफिसातून लवकर निघाले. घरी पोहोचले तर दारात बुटांचा जोड नव्हता. आत आले, तेव्हा बूट दिसले. बाबांच्या पायातच होते. सोफ्यावर आडवे होऊन, डोळे मिटून, चष्मा छातीवर ठेवून ते पडले होते. चष्मा वर जात होता आणि खाली येत होता. मी तो बघत उभी राहिले.

दार पुन्हा वाजलं आणि नवरा आला, धापा टाकत, सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच. माझ्या शेजारी येऊन तोही बघायला लागला.

"झोपलेत," तो कुजबुजला.

"झोपलो नाहीये," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "गाडी मधेच बंद पडली. सगळे उतरले, मी पण उतरलो. सगळे बसकडे गेले, मी पण गेलो. यात काय आहे? भूक लागली आहे मात्र."

नवऱ्याने हेल्मेट काढलं. बाबांच्या पायाशी बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बाबांनी पाय पुढे केले. मी पिठलं टाकायला आत गेले आणि कांदा चिरताना मला जाणवलं की कित्येक आठवड्यांनी मी सुटकेचा श्वास सोडला आहे. तो दोन गोष्टींसाठी होता, आणि दुसरी सांगायला मला लाज वाटत नाही. बाबा आपल्या घरी जाऊ शकतील याचं मला बरं वाटलं, आणि ते गेले की माझी बैठकीची खोली परत मिळेल याचंही.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने संकुलात फोन केला. मी कॉफी घेऊन समोरच होते. तो बराच वेळ पलीकडच्याचं ऐकत राहिला, मग म्हणाला, नाही, दुसऱ्याला देऊन टाका, वडील घरीच राहणार आहेत. फोन ठेवल्यावर त्याने मला कागद मागितला. मला इतकं बरं वाटलं की मी अख्खी वही दिली.

मग बापलेकांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. स्वयंपाकाच्या बाई रोज येतील, हे बाबांनी लगेच मान्य केलं. घराची एक किल्ली शेजारी राहील, तेही केलं. मनगटावर बांधायचं, पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ वापरायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, आणि अर्ध्या तासाने, फक्त बाहेर जाताना, अशा अटीवर ते घेतलं. नवरा लिहीत होता.

"आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी फोन करणार. दोन्ही वेळा उचलायचा."

"संध्याकाळी कर," बाबा म्हणाले. "सकाळी मी घरी नसतो."